पाचवी सही

रविवारी सकाळी साडेनऊला बंडू दारात उभा राहिला, तेव्हाच मनमोहनरावांनी ओळखलं की आपलं काही खरं नाही. गणपतीची मूर्ती शाडूची आणायची की प्लॅस्टरची, यावरून धाकट्या भावानं अबोला धरला त्याला वर्ष झालं होतं. मध्ये मनमोहनरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, बंडू फिरकला नाही. आज आला होता, तोही हातात सुरमईची पिशवी घेऊन. बंडूला काही हवं असलं की तो सुरमई घेऊन येतो, हे आई होती तेव्हापासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"भाई, हे काय आरंभलंयस तू?" चपला काढायच्या आत त्यानं सुरुवात केली. "आमच्या ऑफिसात लोक पेपर नाचवतायत. म्हणे, हे मनमोहन धैर्यवान तुमचे कोण? मी सांगितलं, लांबचे."

"बरं केलंस," मनमोहनराव म्हणाले.

पेपरात आलं होतं ते खरं. चारच ओळी होत्या, पण मथळा जाड होता: 'माझे अंतःकरण जळते आहे! एका ज्युररचा सहीस नकार.' मनमोहनरावांनी ते कात्रण कापून डायरीत ठेवलं होतं आणि काल दिवसभरात, कोणी बघत नाही असं पाहून, पाच वेळा वाचलं होतं. वाडीच्या तोंडाशी लॉन्ड्रीवाला, जो गेली वीस वर्षं त्यांचे शर्ट हरवत आला होता, तो उठून उभा राहिला होता. आयुष्यभर विमा कंपनीत दुसऱ्याच्या सह्या तपासणाऱ्या माणसाला, स्वतः सही न केल्यानं इतका मान मिळावा, याची त्यांना गंमत वाटत होती. थोडा अभिमानही वाटत होता, आणि तोच मोठा घोटाळा होता.

कारण खरी हकिगत अशी होती.

मोठ्या कोर्टांतून ज्युरी हद्दपार होऊन बरीच वर्षं झाली, तरी मुंबईत कॉरोनरच्या कोर्टात ती अजून तग धरून होती. कुणी संशयास्पद मेलं, कुणी पोलिसांच्या गोळीनं मेलं, की पाच सद्गृहस्थांना चिठ्ठी जायची: या, बसा, ऐका, आणि माणूस कशानं मेला ते सांगा. मनमोहनरावांना शुक्रवारची चिठ्ठी आली तेव्हा त्यांनी इस्त्रीचा कोट काढला. त्यांचे आजोबा, भिंतीवरच्या फोटोतले पगडीवाले रावबहादूर, स्पेशल ज्युरीत बसत. तेव्हा हा घराण्याचा हक्कच होता.

मेलेला माणूस गुणाजी. लालबागचा गिरणी कामगार. संप सुरू होऊन सात महिने झाले होते. त्या दिवशी नाक्यावर दगडफेक झाली, पोलिसांनी गोळी चालवली आणि गुणाजी पडला. पोलिसांचं म्हणणं, तो हत्यार घेऊन अंगावर आला. पंचनाम्यात लिहिलं होतं: एक, लोखंडी वक्र पाते, टोक वाटोळे व दातेरी. दोन, लाकडी फळी, ढालीसारखी वापरण्याजोगी. वस्तू गोणपाटात सीलबंद होत्या. सील तोडायला वेळ लागेल आणि जेवणाची सुट्टी जवळ आलीय, म्हणून कोणी आग्रह धरला नाही.

मग गुणाजीची बायको अंबिका उभी राहिली. पदराचं टोक मुठीत धरून ती एवढंच म्हणाली, "ते आडाळ्याक धार लावूक गेल्ले," आणि तिला रडू कोसळलं. पुढे तिच्यानं बोलवेना. दुभाष्याचं काम करणारा कारकून नगरकडचा. तो अडला. पोलिसांचा वकील मात्र खूश झाला. धार लावायला गेला होता, म्हणजे आधीपासून तयारी होती! कॉरोनर साहेबांनी विचारलं, आडाळो म्हणजे काय? ज्युरीत एक पारशी, एक गुजराती, एक मद्रासी आणि एक सिंधी. साहेबांची नजर फिरत फिरत पाचव्यावर आली. मिस्टर धैर्यवान, तुम्ही मराठी. तुम्हीच सांगा.

मनमोहनरावांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण पाचांत एकटे मराठी, अंगात इस्त्रीचा कोट, मागे रावबहादूर. ठाऊक नाही म्हणणार कसं? त्यांनी घसा साफ केला आणि अस्सल इंग्रजीत सांगितलं की हे एक प्रकारचं स्थानिक हत्यार असावं. साहेबांनी मान हलवून ते लिहून घेतलं.

त्यानंतर जेवण झालं. दुर्गाबाईंनी डब्यात वालाचं बिरडं दिलं होतं. बिरड्यावर पंख्याखाली बसलं की मनमोहनरावांचे डोळे मिटतात, ते मिटले. पोलिसांचा गोळीबार आत्मसंरक्षणार्थ, अशा कागदावर चौघांनी सह्या केल्या. कारकून कागद घेऊन पाचव्याकडे आला आणि नेमका डाव्या कानाशी वाकला. डाव्या कानानं मनमोहनरावांना ऐकू येत नाही. मशीन आहे, पण ते लावलं की माणूस म्हातारा दिसतो, म्हणून ते कपाटात असतं.

"सही?" कारकून म्हणाला.

मनमोहनरावांना ऐकू आलं, "चहा?"

"नको," ते एक डोळा उघडून म्हणाले. "छातीत जळजळतं."

कारकुनानं हे साहेबांना इंग्रजीत सांगितलं, आणि इंग्रजीत गेल्यावर ते काहीच्या काही उदात्त झालं. साहेबांनी चष्मा काढून मनमोहनरावांकडे आदरानं पाहिलं. चार सह्यांनी काम भागत होतं, पण एकही मत वेगळं पडलं तर कागद वर जातो आणि पुन्हा चौकशी होऊ शकते. तुम्ही सोमवारपर्यंत विचार करा, असं ते म्हणाले. मनमोहनराव तेव्हाच सांगू शकले असते, की साहेब, माझी ॲसिडिटी. पण तीस वर्षांत त्यांच्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं. ते कोटाची बटणं लावून उठले.

इकडे रविवारी साडेअकराला लेक उर्मिला आली. मागून जावई हेरंब, तोंड पाडून.

"पपा!" उर्मिलानं येताच वाकून नमस्कार केला, जो तिनं लग्नातसुद्धा आईनं चिमटा काढल्यावर केला होता. "मला इतकं बरं वाटलं ना. आमच्या शाळेत सगळ्यांना सांगितलं मी. आपल्या घरात कोणीतरी कशाला तरी नाही म्हटलं!"

"म्हणायला तोंड लागतंय फक्त," बंडू म्हणाला. "निस्तरायचं कोणी? हेरंब, सांग तुझं."

हेरंबनं सांगितलं. मस्कतची नोकरी पक्की झाली होती. पासपोर्टसाठी पोलिसांची चौकशी बाकी होती. काल हवालदार घरी आला, चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, तुमच्या सासऱ्यांचं नाव वाचलं हो पेपरात.

"एवढंच म्हणाला?" मनमोहनरावांनी विचारलं.

"एवढंच. पण दोनदा म्हणाला."

"म्हणू दे," उर्मिला उसळली. "एक माणूस मेलाय तिकडे, आणि तुला मस्कत!"

"मस्कत मला एकट्याला आहे का? मिक्सर कोणाला हवा होता?"

"आलास का मिक्सरवर!"

दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे ऐकत होत्या. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला एकदाही कशालाही ठामपणे नाही म्हणताना ऐकलं नव्हतं. वाण्यानं किडके वाल दिले तरी ते धन्यवाद म्हणून यायचे. त्या पुढे आल्या आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "अहो, मला एक कळत नाही. शुक्रवारी रात्री तुम्ही सोडा मागितलात. अंतःकरण जळत होतं तर सोडा कशाला?"

सगळ्यांनी मनमोहनरावांकडे पाहिलं. रावबहादूरही भिंतीवरून पाहत असावेत. खोटं बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं, पण दुर्गाबाईंसमोर ते कधी जमलंच नव्हतं.

"मला वाटलं, तो चहा विचारतोय," ते म्हणाले.

"कोण?"

"कारकून. तो सही म्हणाला, मला चहा ऐकू आलं. मी नको म्हटलं."

मग बंडू हसायला लागला. हसता हसता तो खुर्चीवरून खाली सरकला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि वर्षाचा अबोला त्या हसण्यात वाहून गेला. "भाई, भाई रे! मला वाटलं तुला या वयात क्रांती झाली! चहा!" हेरंबच्या चेहऱ्यावर मस्कतचं ऊन पडलं. "मग प्रश्नच नाही पपा. उद्या जाऊन सांगायचं, गैरसमज झाला, सही करायची. कोणी काही म्हणणार नाही."

उर्मिला मात्र हसली नाही. "तुम्ही दोन दिवस आम्हाला तसंच वाटू दिलंत?" तिनं विचारलं. "मी शाळेत तुमच्याबद्दल बोलताना रडले, पपा."

मनमोहनरावांना वाटलं, आपण खरंच काहीतरी केलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आता ते तरी कसं जमणार? चौघे शिकलेसवरलेले लोक सही करतात, पंचनामा आहे, हत्यार आहे. आपण कशाच्या जोरावर नाही म्हणणार, पित्ताच्या?

"करतो सही," ते म्हणाले.

बंडू उठला. "वहिनी, सुरमई तळा. आज जेवूनच जातो."

घरातले सगळे एकदम एका बाजूला झाले आणि दुसऱ्या बाजूला उर्मिला एकटी खिडकीत जाऊन बसली. मनमोहनरावांना तिच्याजवळ बसवेना, पुरुषांत बसवेना, म्हणून ते उगाच स्वयंपाकघरात गेले. तिथे कौसल्या सुरमईच्या आमटीसाठी नारळ फोडत होती. संप लागल्यावर तिचा नवरा घरी बसला आणि ती लालबागहून गिरगावात कामाला यायला लागली. चार महिने ती या घरात होती, आणि आपण तिच्याशी 'पाणी' आणि 'पेपर' या दोन शब्दांपलीकडे काही बोलल्याचं मनमोहनरावांना आठवत नव्हतं.

"वहिनी," कौसल्या म्हणाली, "ह्या आडाळ्याचो पाट सुटलो. पातां हालता नुसता. धार पण नाय. उद्या माका देवा, नाक्यावर धार लावन आणतंय."

मनमोहनराव जागच्या जागी थांबले.

"काय म्हणालीस?"

कौसल्या दचकली. साहेब बोलले की तिला वाटायचं काहीतरी फुटलंय. "काय नाय. धार लावची म्हटलंय."

"कशाला?"

"आडाळ्याक."

"आडाळो म्हणजे?"

तिनं बोटानं दाखवलं. तिच्यासमोर मोरळी होती. या घरात तिला मोरळी म्हणत, बाकी जग विळी म्हणे. मनमोहनराव जन्मापासून ती बघत आले होते. आई तिच्यावर कोलंबी सोलायची, दुर्गाबाई पापलेट कापायच्या. वाकडं लोखंडी पातं. टोकाला नारळ खवायची वाटोळी, दातेरी खवणी. कौसल्येनं सुटलेलं पातं बाजूला काढलं, तशी खाली नुसती लाकडी फळी उरली.

एक, लोखंडी वक्र पाते, टोक वाटोळे व दातेरी. दोन, लाकडी फळी.

"गुणाजी कधी मेला?" त्यांनी स्वतःशीच पुटपुटत विचारलं, आणि उत्तर त्यांनाच आठवलं. तारीख त्यांनी शुक्रवारी ऐकली होती. "कौसल्या, यंदा नारळी पौर्णिमा कधी होती?"

"ऑगस्टात. चार तारखेक."

तो तीन तारखेला मेला होता. दुसऱ्या दिवशी नारळीभात करायचा, म्हणून नारळ खवायला विळीला धार लावायला गेला होता. त्याची बायको कोर्टात उभं राहून तेच सांगत होती. आणि पाचांत एकट्या मराठी माणसानं, अस्सल इंग्रजीत, ते हत्यार असल्याचं सांगितलं होतं.

मनमोहनराव खाली बसले, तेही नारळाच्या करवंट्यांच्या शेजारी, जमिनीवर. दुर्गाबाई घाबरल्या. "अहो, छातीत दुखतंय का?"

"नाही. आज नाही," ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं. चहाची गोष्ट सांगताना लाज वाटली होती. ही सांगताना त्यांनी उर्मिलाकडे पाहायचं टाळलं. हत्यार हा शब्द पोलिसांनी लिहिला, पण त्यावर मराठीचा शिक्का मी मारला, असं ते म्हणाले. उद्या हे सांगायला हवं.

"काय सांगणार?" बंडूचं हसणं गेलं होतं. "की मला मराठी येत नाही? रावबहादुरांचा नातू, भर कोर्टात? शुक्रवारी हीरो होतास, उद्या विदूषक होशील. पेपरवाले टपलेच आहेत."

"होईन."

"आणि विळीनं माणूस मरत नाही का?" हेरंब म्हणाला. "डोक्यात घातली तर?"

"बघ घालून," दुर्गाबाई म्हणाल्या. त्या मोरळीचं पातं एका हातात आणि फळी दुसऱ्या हातात घेऊन आल्या होत्या. "पायानं दाबल्याशिवाय यानं वांगंसुद्धा कापत नाही. पस्तीस वर्षं बसतेय हिच्यावर. ढाल म्हणे!" त्यांनी फळी हेरंबच्या हातात दिली. त्यानं ती छातीशी धरली, आणि त्यावर माशाचा खवला चिकटलेला पाहून खाली ठेवली.

"आई, मस्कत जाईल," तो बारीक आवाजात म्हणाला.

"जाईल कदाचित," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि जावयाशी त्या इतक्या सरळ कधीच बोलल्या नव्हत्या.

बंडूनं सुरमईचे दोन तुकडे खाल्ले आणि ताकाला न थांबता उठला. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "भाई, मशीन लावून जा उद्या. निदान एवढं तरी कर."

मनमोहनरावांनी मशीन लावलं नाही. सकाळच्या गडबडीत ते सापडलंच नाही. मोरळी मात्र दुर्गाबाईंनी जुन्या टॉवेलात गुंडाळून कापडी पिशवीत घालून दिली, संध्याकाळपर्यंत परत हवी असं बजावून. उर्मिला शाळेत रजा टाकून बसस्टॉपपर्यंत आली. तिनं नमस्कार केला नाही. कोटाची कॉलर नीट केली फक्त.

कोर्टाच्या फाटकावर हवालदारानं पिशवीवर काठी टेकवली. "काय हा ह्येच्यात?"

मनमोहनरावांनी टॉवेल उलगडला.

"अरे, आडाळो!" हवालदाराचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला. "धार लावूक आणलात? तो थंय बसता, झाडामुळाक."

मनमोहनरावांना वाटलं, देव आहे. "हवालदार, दोन मिनिटं आत येता? एवढंच वाक्य साहेबांपुढे बोला."

"कसली केस?"

त्यांनी सांगितलं. हवालदारानं पिशवीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "माका काय ठावक नाय," तो म्हणाला. "ड्युटी आसा. जावा तुमी."

तो आपल्यापेक्षा वाईट होता असं मनमोहनरावांना म्हणवेना. ठाऊक असून नाही म्हणणारा तो, आणि ठाऊक नसून आहे म्हणणारे आपण. ते आत गेले.

तिथे काय झालं ते फार नाही. त्यांनी उभं राहून सांगितलं की शुक्रवारी मी माहीत नसताना सांगितलं. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. साहेबांनी चष्मा काढला, पण या वेळी नजर आदराची नव्हती. मनमोहनरावांनी टेबलापुढे जमिनीवर मोरळी मांडली, कोटासकट बसून ती पायानं दाबून दाखवली, आणि उठताना त्यांना पारशी ज्युररनं हात द्यावा लागला. मग गोणपाटाचं सील तुटलं. आतून तसंच पातं निघालं, गंजलेलं, तशीच फळी. खवणीच्या दात्यांत नारळाचा वाळलेला कीस होता.

"माझो," अंबिका बाकावरून म्हणाली. दुभाष्याची गरज पडली नाही.

तरीही चौघांनी सह्या मागे घेतल्या नाहीत. विळी असो, पण गर्दीत पोलिसाला ती कशी दिसली असेल याचा विचार करायला हवा, असं सिंधी गृहस्थ म्हणाले. साहेबांनी मनमोहनरावांपुढे कोरा कागद सरकवला. वेगळं मत असेल तर स्वतःच्या हातानं लिहा. कागद वर जाईल.

मनमोहनरावांनी खूप वेळ विचार करून तीन वाक्यं लिहिली. आडाळो म्हणजे विळी. गुणाजी विळीला धार लावायला गेला होता, अंगावर धावून जायला नव्हे. हे मला शुक्रवारी ठाऊक नव्हते, तरी ठाऊक असल्याचे मी सांगितले. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. आडनाव लिहिताना त्यांना पहिल्यांदाच थोडा संकोच वाटला.

बाहेर व्हरांड्यात अंबिका उभी होती. "माझो आडाळो माका परत गावतलो?" तिनं विचारलं.

तो आता पुरावा आहे, केस संपेपर्यंत मिळणार नाही, हे त्यांना सांगावं लागलं. मग त्यांनी स्वतःची पिशवी पुढे केली. घरी काय ऐकावं लागेल ते लागेल.

"तुमचो तुमका ऱ्हवांदे," ती म्हणाली. "माका माझोच होयो."

ती गेली. मनमोहनराव पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. आतून कारकून आला, त्यांना तसं बसलेलं पाहून त्याला दया आली असावी. तो जवळ वाकला, पुन्हा डाव्याच कानाशी.

"चहा?"

"केली," मनमोहनराव म्हणाले. "आत्ताच केली."